अनुमान आहे काय?

लिटमसचा प्रयोग झाला. निळा कागद लाल झाला, आठवीच्या पोरांनी तो बाकाबाकावरून फिरवून पाहिला, आणि माझ्यासोबत बी.एड. करणारी छात्राध्यापिका हातातला खडू ठेवून म्हणाली, "आता कुणाला अनुमान आहे काय?"

सात-आठ हात वर गेले. तिचा चेहरा पडला. इतकं नीट शिकवून इतक्या जणांना कळलं नाही? पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली, "लिंबाचा रस आम्ल आहे, टीचर." दुसऱ्यानं पुढे जोडलं, "निळा लिटमस लाल होतो म्हणून." ती म्हणाली, "ते बरोबर आहे, ते नको. अनुमान असलं तर सांगा." पोरं गोंधळली. तेच तर सांगत होती ती.

मी मागच्या बाकावर बसून तिच्या पाठाचं निरीक्षण लिहीत होते. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे शंका. मराठी प्रयोगवहीत कृती, निरीक्षण आणि शेवटच्या रकान्यात अनुमान, म्हणजे निष्कर्ष. ती बैलहोंगल तालुक्यातल्या कन्नड घरातली, मराठी शिकली ती बेळगावच्या बाजारात आणि हॉस्टेलवर. मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये तिचे सरावपाठ का, याचं उत्तर साधं आहे. कॉलेजनं गट पाडले ते बसच्या मार्गावरून. त्या शाळेच्या वाटेवर राहणारे पाच जण निघाले, त्यात ती होती आणि मी होते.

मी तेव्हा हसले होते, हे कबूल करते. पण आदल्या वर्षी माझीही अशीच फजिती झाली होती. पहिल्या वर्षाच्या छोट्या सरावात आम्हाला एका कन्नड शाळेत पाठवलं होतं. ओळख करून घ्यावी म्हणून मी एका मुलाला माझ्या कन्नडमध्ये विचारलं, तुझ्या वडिलांचा व्यवसाय काय? तो म्हणाला, "व्यवसाय इल्ल, टीचर." मला वाटलं, घरी बेकारी आहे, मी आवाज हळवा करून त्याला बसायला सांगितलं. मधल्या सुट्टीत कळलं की वडिलांचं टेलरिंगचं चांगलं चालणारं दुकान आहे. कन्नडमध्ये व्यवसाय म्हणजे शेती. त्यांच्याकडे जमीन नव्हती, एवढंच तो सांगत होता.

हे दोन किस्से सांगून लोक हसतात आणि विषय संपतो. माझं म्हणणं असं की विषय इथूनच सुरू व्हायला हवा. सीमाभागातल्या वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला जे सगळ्यात आधी शिकवायला हवं, ते आमच्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये कुणी एका तासालाही शिकवलं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी शाळेसाठी म्हणून शिक्षक घडवला जातोय, असं मला या दोन वर्षांत कुठेच दिसलं नाही.

आमच्याकडच्या मुलामुलींपुढे साधारण दोन वाटा असतात. एक वाट कोल्हापूरकडे जाते. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मुलांना तिकडे सवलती आहेत, शिक्षण मराठीत होतं, पाठ टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, मराठीत लिहायचं. पण तिथं सराव होतो तो बालभारतीच्या पुस्तकांवर, महाराष्ट्राच्या दहावीच्या नमुन्यावर. परत येऊन इथल्या शाळेत उभं राहिलं की पुस्तक वेगळं, परीक्षा वेगळी, गुणांचा हिशेब वेगळा, आणि खात्याचं परिपत्रक कन्नडमध्ये. दुसरी वाट इथल्याच कॉलेजची. मी ती धरली. परीक्षा आणि पुस्तकं इथलीच, हे चांगलं. पण आमचे तास इंग्रजीत, समजावणं कन्नडमध्ये, टाचण इंग्रजीत, आणि पाठ मात्र मराठी वर्गावर. पहिल्या वाटेनं जाणाऱ्याला भाषा मिळते पण शाळा मिळत नाही, दुसरीवर उलट.

आता माझ्या पाठाचं सांगते, कारण जे म्हणायचंय ते त्याच्यातच आहे.

२०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्याआधी न्यायमूर्ती वर्मा आयोगानं २०१२ साली शिक्षक-शिक्षणाचे चांगलेच वाभाडे काढले होते. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं २०१४चे नियम आणले आणि विद्यार्थ्यानं २० आठवडे शाळेत काढायचे असं ठरलं, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. कागदावर ही फार चांगली सुधारणा आहे. सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ एक सत्र. पण शाळेच्या बाजूनं बघा. कुठलाही शहाणा मुख्याध्यापक दहावीचा वर्ग छात्राध्यापकाच्या हाती देत नाही. निकाल लागल्यावर जाब त्याला द्यायचा असतो. म्हणून आम्हाला आठवी-नववी, त्यातही दुपारच्या तासिका, अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या मध्यान्ह भोजनाचा, भात खाऊन पोरं पेंगत असताना.

मला मात्र दहावी मिळाली. मी हुशार म्हणून नव्हे. शास्त्राचे सर मे महिन्यात निवृत्त झाले होते, जागा भरलेली नव्हती, आणि गणिताच्या मॅडम दोन्ही विषय ओढत होत्या. मला बघून त्यांना हायसं वाटलं हे मला दिसत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "प्रकाशाचा धडा तू घे. मला त्या आकृत्या काढायचा कंटाळा." म्हणजे सरावासाठी खरा वर्ग मिळाला तो रिकाम्या खुर्चीमुळे. याच्यावर वेगळा लेख होईल. इथे एवढंच नोंदवते की शिकाऊ माणूस आणि बदली माणूस यांतला फरक आमच्या शाळांतून पुसट होत चाललाय, आणि त्याचा फायदा कुणाला होतो हे सगळ्यांना माहीत आहे.

निरीक्षणाचा दिवस. सकाळी साडेसातची बस. कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट करणारी 'शक्ती' योजना २०२३च्या जूनपासून सुरू झाली, त्यामुळे माझं शून्याचं तिकीट. शेजारी बसलेली आमच्याच गटातली चंदगड तालुक्यातली मुलगी मात्र रोज पैसे मोजायची, कारण आधार कार्ड महाराष्ट्राचं. कंडक्टर दोघींकडे बघून रोज तोच विनोद करायचा, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मांडीवर टाचणाची वही. त्यात इंग्रजीत पाच टप्पे: गुंतवणे, शोधणे, स्पष्ट करणे, विस्तारणे, तपासणे. आमच्याकडे सगळे याला पाच 'ई' म्हणतात. आमच्या मोठ्या पिढीला हर्बार्टची पंचपदी होती, आम्हाला ही. पायऱ्या पाचच्या पाचच राहिल्या, याची मला गंमत वाटते. टाचण इंग्रजीत का? तपासणाऱ्या सरांना वाचता यावं म्हणून. त्यांना मराठी येत नव्हतं. मी पुस्तकातला मराठी मजकूर मनात धरून इंग्रजीत लिहिलं, आणि वर्गात ते परत मराठीत सांगायचं होतं.

वर्गात गेले तर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, आज तपासणीस येणार न्हवं? भिऊ नकासा. आम्ही आहे की." तिनं आधीच्या वर्षांत किती छात्राध्यापक पाहिले असतील कोण जाणे. बी.एड.चे पाठ ही मुलांना एखाद्या जत्रेसारखी माहीत झालेली गोष्ट आहे: तक्ता लागणार, टीचर नवी साडी नेसणार, सारखं 'शाब्बास' म्हणणार. त्या 'शाब्बास'ला आमच्याकडे प्रबलन कौशल्य म्हणतात आणि त्याचा वेगळा सराव असतो. सूक्ष्म अध्यापनाचं एक चक्र ३६ मिनिटांचं: सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रतिक्रिया ऐका, बारा मिनिटांत पाठ नव्यानं आखा, परत सहा मिनिटं शिकवा, परत सहा मिनिटं ऐका. समोर बसलेली 'मुलं' म्हणजे आमचेच वर्गमित्र, पंचविशीचे, नववीतल्यासारखा आवाज काढून उत्तरं देणारे.

असो. पाठ प्रकाशाच्या अपवर्तनाचा, म्हणजे किरण वळण्याचा, होता. आणलेल्या बादलीत पाणी, तळाशी रुपया. बाजूनं बघून एका झटक्यात उचलायचा. तिघं आली, तिघांची बोटं नाण्याच्या पुढं बुडाली. मी विचारलं, असं का होतं? टाचणाप्रमाणे इथं दोन मुलांनी "माहीत नाही" म्हणायचं आणि मी तक्त्याकडे वळायचं होतं.

मागून एक मुलगा उठला. रोज कणकुंबीच्या बाजूनं येणारा, एरवी तोंड न उघडणारा. म्हणाला, "टीचर, खेकडं धरताना असंच होतंय. दिसतंय तिथं हात घातला तर नुसतं पाणी. जरा खाल्लाकडं घालाय पायजे."

"नायतर नांगी धरतंय," दुसरा म्हणाला, आणि वर्ग फुटला.

मग थांबेना. ओढ्यात कसं धरायचं, भाताच्या बांधात कसं. एक म्हणाला, रात्री बॅटरी घेऊन गेल्यावर चुकत नाही. का चुकत नाही? बॅटरी डोक्यावरून धरतो म्हणून. त्यावर, मघाशी मला धीर देणारी मुलगी म्हणाली, "बॅटरीचं काय नाही. आपण बरोब्बर वरनं वाकून बघतो म्हणून. तिरकं बघितलं तरच बाजूला सरकल्यासारखं दिसतंय." मी तिला बादलीवर वाकून बघायला लावलं. तिनं पहिल्या फटक्यात रुपया उचलला. लंबरूप पडणारा किरण वळत नाही, हे वाक्य पुस्तकात आहे. ते मी अजून उच्चारलंही नव्हतं.

सात-आठ मिनिटं गेली असतील. चौथा आणि पाचवा 'ई' राहून गेला. घंटा झाली तेव्हा माझा तक्ता अर्धा गुंडाळलेलाच होता.

सरांनी शेरा लिहिला. फलकलेखन सुवाच्य. साधनांचा वापर ठीक. वर्गनियंत्रण सुधारावे. पाठ अपूर्ण.

ते वाईट गृहस्थ नव्हते, उलट आमच्या कॉलेजातले सगळ्यात कळकळीचे. वर्गाबाहेर त्यांनी मला कन्नडमध्ये विचारलं, पोरं एवढी कशाला हसत होती? मी खेकड्याचं सगळं सांगितलं. ते घटप्रभेकाठचे. एकदम खुलले. त्यांच्या गावी मासे मारताना हेच कसं सांगतात, याचं त्यांनी मला हात हलवून प्रात्यक्षिक दाखवलं. मग वहीकडे बघून म्हणाले, आधी सांगायचं की गं. शेरा शाईनं लिहून झाला होता.

त्या मुलाचं वाक्य म्हणजे त्यांच्या कानावर पडलेला नुसता गलका होता. गलका म्हणूनच त्याची नोंद झाली. यात त्यांचा दोष किती आणि ज्यांनी त्यांना त्या बाकावर बसवलं त्यांचा किती, हे मी अजून ठरवते आहे. पण पद्धत म्हणून विचार केला तर उत्तर सोपं आहे. जो माणूस मुलांचं बोलणं समजू शकत नाही, तो पाठ तपासू शकत नाही. तो तक्ता तपासू शकतो. आणि तो तक्ताच तपासणार हे कळल्यावर आम्ही तक्त्यावर रात्र घालवतो. शाळेच्या कपाटावर दरवर्षीचे तक्ते गुंडाळून रचलेले असतात. आमच्या शाळेत त्यांच्यावर पालींनी अंडी घातली होती.

कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्ये सांगून ठेवलंय की अध्यापक महाविद्यालयं शाळांपासून तुटलेली आहेत. साठ वर्षं होत आली. बाकीच्या देशात ती भिंत एक आहे. आमच्याकडे तिच्यावर भाषेची दुसरी भिंत आहे.

यावर मला जे ऐकवलं जातं ते मला माहीत आहे. पहिलं, कर्नाटकात राहता तर कन्नड शिका. शिकलेच आहे. आणि मराठी पोरांनीही नीट शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे; २०१५च्या कायद्यानं ते दहावीपर्यंत सक्तीचंही केलंय. परिपत्रक कळत नाही, तलाठ्याशी बोलता येत नाही, भरतीची जाहिरात वाचता येत नाही अशी मुलं घडवून आपण कुणाचं भलं करतोय? पण कन्नड शिकवणं वेगळं आणि मराठीतून शास्त्र शिकवायला मराठी न येणारा माणूस पाठवणं वेगळं. मला तर उलट वाटतं की दोन्ही भाषा चांगल्या येणारा शिक्षकच पोरांना कन्नडकडे नेऊ शकेल. अपवर्तनाला कन्नडमध्ये वक्रीभवन म्हणतात. आमच्या जुन्या मराठी पुस्तकांत हाच शब्द होता. माझे बाबा अजून वक्रीभवनच म्हणतात. हे वर्गात सांगितलं की पोरांचे डोळे चमकतात, कारण परका वाटणारा शब्द आजोबांच्या घरातला निघतो. पण हे सांगणारा आधी तयार व्हायला हवा ना?

दुसरं, मराठी शाळा तशाही ओस पडताहेत, आता कुणासाठी एवढा खटाटोप? माझ्या दहावीच्या वर्गात ३४ मुलं होती. ज्यांना परवडतं ती इंग्रजी शाळेत गेलेली. उरलेली गवंड्यांची, शेतमजुरांची, काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांची. शाळा ओस पडते म्हणून तिला शिक्षक नको, आणि शिक्षक नाही म्हणून शाळा ओस, हे कुठवर फिरवायचं? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं की मुलानं कुठल्या माध्यमातून शिकायचं हे पालक ठरवतील, सरकार लादू शकणार नाही. इंग्रजी शाळावाल्यांनी त्या निकालाचे पेढे वाटले. पण निवड करण्याचा हक्क खानापूरच्या गवंड्यालाही आहे, आणि त्यानं मराठी निवडलं तर त्याच्या पोरापुढे मराठीतून शिकवू शकणारा माणूस उभा राहणं हा त्याच निकालाचा दुसरा अर्धा भाग नाही का?

कायद्याचा आधार तसा तोकडा आहे, हे मान्य करायला हवं. राज्यघटनेतलं ३५०-अ हे कलम १९५६ सालच्या सातव्या दुरुस्तीनं आलं, म्हणजे आमचा भाग जेव्हा म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात, गेला त्याच वर्षी. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करा असं ते सांगतं, पण प्राथमिक टप्प्यापुरतंच. हायस्कूलचा शास्त्राचा तास त्याच्या कक्षेत येत नाही. आणि जिथं कलम संपतं तिथं निदान समाजानं लक्ष घालावं, तर तेही होत नाही.

इथं मला आपल्याच माणसांशी भांडायचंय. आमचा भाग म्हैसूर राज्यात गेल्याच्या निषेधात दर १ नोव्हेंबरला आपण काळा दिवस पाळतो. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, त्याच्या तारखांवर पानपट्टीच्या दुकानात चर्चा होते. पाटीवर मराठी अक्षरं किती इंच असावीत यावर डोकी फुटतात. मी त्या घरांतलीच आहे. माझ्या आजोबांनी त्यासाठी तुरुंगाची हवा खाल्लेली आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण इतक्या वर्षांत इतक्या सभा ऐकल्या, एकाही व्यासपीठावरून मी 'मराठी शाळेच्या सरावपाठाला मराठी समजणारा निरीक्षक द्या' अशी मागणी ऐकली नाही. ती मागणी घोषणेत बसत नाही, यमक जुळत नाही, हे खरं. शाळा चालवणाऱ्या आपल्या संस्थांनी तरी बी.एड. कॉलेजांना पत्र लिहून विचारायला काय हरकत होती की आमच्याकडे पाठवता ती मुलं कुठल्या भाषेची? उलट फुकटचा माणूस मिळतोय म्हणून त्या गप्प.

करायचं काय, हे फार अवघड नाही. ज्या वर्गावर पाठ घ्यायचा त्या वर्गाच्या भाषेत टाचण लिहायला परवानगी द्या. विद्यापीठाला त्यासाठी नवी इमारत लागत नाही. कॉलेजात मराठी जाणणारा प्राध्यापक नसेल तर त्या शाळेतल्या अनुभवी शिक्षकाच्या हाती निम्मे गुण द्या. सोळा आठवडे वर्गात बसून तोच आम्हाला बघतो. कॉलेजचे सर चार-पाच वेळा येतात. आज त्या शिक्षकाला या कामाचा एक पैसा मिळत नाही, त्याच्या मताला वजन नाही, म्हणून तोही आम्ही आलो की स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसतो. त्याला काय दोष देणार? गणिताच्या मॅडमनी मला एकदाच सुनावलं, "तू फळ्याशी बोलतेस, पोरांशी नाही." दोन वर्षांच्या सगळ्या शेऱ्यांत कामाला आलेलं तेवढं एक वाक्य, आणि ते कुठल्याही वहीत नाही.

बैलहोंगलच्या माझ्या मैत्रिणीलाही मराठी शाळेत पाठवू नका असं मी म्हणत नाहीये. पाठवाच. पण आधी महिनाभर तिला मराठी शास्त्राचं पुस्तक वाचायला लावा, मला कन्नडचं. फसव्या शब्दांची यादी आम्हालाच करू द्या आणि त्या यादीलाच गुण द्या, तक्त्याऐवजी. शाळेतून निघताना आम्ही दोघींनी तशी एक वही केली होती. अनुमान, व्यवसाय. अभ्यास, जो कन्नडमध्ये सराव असतो. गमन, ज्याचा तिकडे अर्थ लक्ष. प्रबंध, जो तिकडे पाचवीतलं पोरगंही लिहितं आणि आपल्याकडे पीएच.डी.वाला. चाळीसेक शब्द झाले होते.

ती आता तिच्या भागातल्या एका कन्नड हायस्कूलमध्ये आहे, मी इकडे अतिथी शिक्षिका. वही माझ्याकडे राहिली. यंदा जुलैत आमच्या शाळेत नवे छात्राध्यापक आले, चार जण, त्यांत दोन कन्नड. त्यातला एक दुसऱ्याच दिवशी मुलांना म्हणाला, "अवसर नको, सावकाश लिहा." कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. नववीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी त्याला मधल्या सुट्टीत वही दिली, आणि त्याच्यासमोरच शेवटच्या पानावर तो शब्द लिहून घेतला. त्यानं झेरॉक्ससाठी पैसे पुढे केले. म्हटलं, राहू दे, तुझे शब्द सापडतील तसे याच्यात लिहीत जा.